बर्फाच्या गावाचा बेत

स्थानकावरून गाडी हलली म्हणजे प्रवास सुरू झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या घरात मुले असतात त्या घरातील माणसांना ठाऊक असते की, खरा प्रवास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. कोणीतरी एका गावाचे नाव उच्चारतो, कोणीतरी नकाशा उलगडतो, आणि अजून न पाहिलेले ते गाव घरातल्या बोलण्यात येऊन राहू लागते. बेताचे दिवस हे प्रवासाचेच दिवस होत. फरक इतकाच की, त्या दिवसांत माणसे जागची हललेली नसतात.

टोकिओ शहरातील एका लहानशा घरात नोव्हेंबरच्या अखेरीस असाच एक प्रवास सुरू झाला. थंडी पडू लागली होती. मधल्या खोलीत ‘कोतात्सु’ मांडला गेला होता. कोतात्सु म्हणजे एक बुटके मेज. त्याच्या खाली विजेची शेगडी असते आणि वरून जाड रजई पसरलेली असते. त्या रजईत पाय घालून सारे घर हिवाळ्याच्या संध्याकाळी मेजाभोवती बसते. त्या दिवशीही बारा वर्षांचा मुलगा, त्याची आठ वर्षांची बहीण, आई, वडील आणि आजी अशी पाच माणसे बसली होती. मेजावर संत्री होती, नकाशा होता, आणि वडिलांच्या हाती एक कोरी वही होती. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिले : ‘नववर्षाच्या सुट्टीत बर्फावर चार दिवस. 3 ते 6 जानेवारी.’

वडिलांची ही हौस नवी नव्हती. मुलगा सात वर्षांचा असताना, 2019-20 च्या हिवाळ्यात, त्यांनी असाच बेत केला होता. पण त्या वर्षी होन्शू बेटावर बर्फ इतका कमी पडला की, अनेक ठिकाणचे उतार जानेवारी आला तरी उघडेच राहिले. बेत वहीतच राहिला. मुलगा ती निराशा विसरला नव्हता. पृथ्वीचे हवामान जसजसे उष्ण होत आहे तसतसा बर्फाचा भरवसा कमी होत आहे, हे जपानमधील डोंगराळ गावांना आता अनुभवाने कळू लागले आहे. म्हणून या खेपेस उंच डोंगराचे आणि भरपूर बर्फाचे ठिकाण निवडायचे, असे वडिलांनी आधीच ठरवले होते.

“पण इथे तर आकाश रोज निळेभोर असते. मग बर्फ पडतो तरी कोठे?” धाकटीने विचारले.

वडिलांनी नकाशा तिच्यापुढे सरकवला. हिवाळ्यात सैबेरियाच्या विस्तीर्ण व गोठलेल्या प्रदेशावरून अतिशय थंड आणि कोरडे वारे निघतात. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्याचे पाणी वाऱ्यांच्या मानाने उबदार असते. त्यावरून वाहताना वारे बाष्प भरून घेतात. पुढे होन्शू बेटाच्या कण्यासारखी पर्वतरांग आडवी येते. तिच्यावर चढताना वारे अधिकच थंडावतात आणि आपले ओझे बर्फाच्या रूपाने अलीकडच्या उतारांवर टाकून देतात. रांग ओलांडून ते टोकिओकडे उतरतात तेव्हा पुन्हा कोरडे झालेले असतात. सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या मुलांना यात काही गूढ वाटणार नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणात व घाटमाथ्यावर रिते होतात, आणि पलीकडचा माणदेश पावसाची वाट पाहत राहतो. नियम एकच, महाराष्ट्रात तो पाऊस पाडतो, तिकडे बर्फ. म्हणूनच टोकिओतील मूल सकाळी कोरड्या रस्त्यावरून निघते आणि दुपारच्या जेवणापूर्वी आपल्या उंचीहून खोल बर्फाशेजारी उभे राहू शकते.

पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याची विद्या, म्हणजे स्की, ही मात्र जपानात बाहेरून आली. थिओडोर फॉन लेर्ख या ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करी अधिकाऱ्याने 12 जानेवारी 1911 रोजी ताकादा या गावी जपानी सैनिकांना या विद्येचे पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला. आजच्या खेळाडूंच्या हातांत दोन काठ्या असतात. लेर्खच्या हाती एकच लांब काठी असे. सैनिकांची विद्या हळूहळू सामान्य लोकांचा खेळ झाली. 1972 साली साप्पोरो येथे व 1998 साली नागानो येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले, आणि जगभरचे खेळाडू जपानच्या बर्फावर उतरले.

ताकादाचे नाव निघाले तेव्हा संत्रे सोलणाऱ्या आजीचा हात क्षणभर थांबला. ते तिचे जन्मगाव होते. पण ती काही बोलली नाही, आणि कोणी तिला काही विचारलेही नाही.

बेत भराभर आकार घेऊ लागला. डोंगराच्या उतारालाच लागून असलेले एक मोठे हॉटेल वडिलांच्या मनात होते. दाराबाहेर पाऊल टाकले की स्कीचे मैदान. मुलगा तर दिवसांचे आणि तासांचे कोष्टकच आखीत बसला. आईने खर्चाचा अंदाज मांडला. मुलांचे पाय वर्षागणिक वाढतात, तेव्हा स्की आणि बूट विकत न घेता भाड्याने घ्यावेत. शिरस्त्राणे मात्र बरोबर मापाची असल्याखेरीज घेऊ नयेत. लहानगीला पहिले दोन दिवस शिक्षकाच्या हाती द्यावे. जाड कपड्यांच्या पेट्या दोन दिवस आधी पार्सलाने पुढे पाठवाव्यात, म्हणजे गाडीत हात मोकळे राहतील. अशी एकेक गोष्ट ती सांगत होती आणि वडील लिहून घेत होते.

“हातमोजे प्रत्येकी दोन जोड,” आई म्हणाली. “एक भिजला तर दुसरा हवा. डोंगरावर दर हजार मीटरला सुमारे सहा अंशांनी थंडी वाढते.”

वडिलांनी लिहिले : ‘हातमोजे, आठ जोड.’

धाकटी वाकून वहीकडे पाहत होती. तिने बोटे मोजली. पुन्हा मोजली. मग म्हणाली, “बाबा, तुमचा गुणाकार चुकला. आपण पाच जण आहोत. दहा जोड हवेत.”

खोलीत एकदम शांतता पसरली. वडिलांचा गुणाकार चुकला नव्हता. आजीने घरी राहावे, हे त्यांनी मनोमन गृहीत धरले होते. तिचे वय झाले आहे, तिचे गुडघे दुखतात, शेजारी चांगले आहेत, अशी कारणे त्यांच्यापाशी होती आणि त्यांपैकी एकही खोटे नव्हते. मात्र तिला विचारावे, एवढे मात्र कोणालाच सुचले नव्हते.

“अगं, तुझ्या बाबांचे बरोबर आहे,” आजी शांतपणे म्हणाली. “मला बर्फाचे काय कौतुक? माझ्या लेखी बर्फ म्हणजे सुट्टी नव्हे, फावडे.”

“फावडे कसे?” मुलाने विचारले.

तेव्हा आजीने जी हकीकत सांगितली ती तिच्या मुलानेही, म्हणजे या मुलांच्या वडिलांनीही, आजवर पुरती ऐकलेली नव्हती.

“1963 च्या जानेवारीत मी तुझ्याएवढीच, बारा वर्षांची होते. शेते बर्फाखाली गेली की आमच्याकडचे पुष्कळ पुरुष हिवाळाभर कामासाठी टोकिओला जात. माझे वडीलही गेले होते. घरी आई, मी आणि लहान भाऊ. त्या वर्षी बर्फ पडू लागला तो थांबेचना. छपरावर त्याचा भार वाढला की घर मोडते. म्हणून रोज छपरावर चढून तो ओढून खाली टाकायचा. खाली टाकलेला बर्फ साचत साचत खिडक्यांच्या वर गेला, आणि दिवसाढवळ्या घरात दिवा लावावा लागला. आगगाड्या बंद पडल्या. टपाल येईना. माझे वडील सुखरूप आहेत की नाहीत, हे आम्हांला कळत नव्हते. आणि आम्ही जिवंत आहो की नाही, हे त्यांना कळत नव्हते. एके दिवशी आईचा पाय छपरावरून निसटला. खाली मऊ बर्फ होता म्हणून ती वाचली. त्या रात्री तिचा हात धरून मी झोपले. अजूनही कधी रात्री बर्फ पडू लागला की मला जाग येते.”

त्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळे दोनशेहून अधिक माणसे दगावली. आजीच्या आईचा पाय निसटला तशी कितीतरी माणसे घरांच्या छपरांवरून पडली, कितीतरी कोसळलेल्या बर्फाखाली सापडली. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात आकड्यांनी नोंदलेली आहे. परंतु त्या घरात ती साठ वर्षे एका वृद्ध स्त्रीच्या मनात राहत होती, आणि तिच्या शेजारी बसून जेवणाऱ्यांना तिची वार्ता नव्हती.

एकाच छपराखाली राहणारी माणसेही एकमेकांना किती अपुरी ओळखतात! मुलासाठी बर्फ म्हणजे पाच वर्षे लांबलेला आनंद होता, वडिलांसाठी कामातून विसावा होता, धाकटीसाठी एक अद्भुत वस्तू होती. आणि आजीसाठी तो एक जुना शत्रू होता. बेत आखताना तारखा, भाडी आणि सामान यांचा हिशेब करावाच लागतो. पण कोणाला काय आवडते, कोण कशाला भिते, कोणाच्या मनात काय दडले आहे, याची विचारपूस त्याहून आधी करावी लागते. ती केली नाही तर कागदावरचा बेत कितीही नेटका असला तरी तो साऱ्या घराचा होत नाही.

आईने वडिलांच्या हातून वही घेतली आणि नवे पान उघडले. “आपण पुन्हा पहिल्यापासून ठरवू,” ती म्हणाली. मग आजीकडे वळून तिने विचारले, “तुम्हांला बर्फाकडे पाठ करून बसता येईल, पण आम्ही सारे जवळ असू, असे एखादे ठिकाण असले तर याल का?”

आजी हसली. “विचार करीन,” एवढेच ती म्हणाली.

तसे ठिकाण शोधताना त्यांना नागानो प्रांतातील नोझावा ओन्सेन हे गाव सापडले. ‘ओन्सेन’ म्हणजे गरम पाण्याचे झरे. या गावाच्या माथ्यावर 1,650 मीटर उंचीचा केनाशी पर्वत आहे, आणि त्याचे उतार स्कीसाठी प्रसिद्ध आहेत. 1923 साली गावकऱ्यांनी तेथे स्कीचे मंडळ स्थापन केले. परंतु गाव त्याहून कितीतरी जुने आहे. अरुंद चढउतारांच्या गल्ल्यांतून गरम पाण्याची तेरा सार्वजनिक स्नानगृहे आहेत. गावकरी स्वतःच त्यांची झाडलोट करतात आणि देखभालीचा भार वाटून घेतात. पाहुण्यांनाही तेथे स्नान करता येते. निघताना दाराजवळच्या पेटीत आपल्या इच्छेने काही नाणी टाकावीत, अशी रीत आहे. गावात एक झरा असा आहे की, त्याचे पाणी जवळजवळ उकळते असते. त्यात गावकरी भाजी आणि अंडी शिजवतात. ‘नोझावाना’ नावाची पालेभाजी हिवाळ्याच्या तोंडाशी याच गरम पाण्यात धुऊन लोणच्यासाठी मुरत घालतात. मुलांना दिवसभर डोंगर होता. आजीला गाव होते. आणि संध्याकाळी सर्वांना एकच ऊन पाणी होते.

“वायव्येकडची डोंगररांग ओलांडली की पलीकडे ताकादाचा मुलूख,” वडील नकाशावर बोट ठेवून हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजीने आपला चष्मा काढला आणि वही मागितली. एखादी शिक्षिका निबंध तपासते तशी ती एकेक ओळ वाचू लागली. मुलाचे कोष्टक पाहून ती थांबली. सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत प्रत्येक दिवसाचा प्रत्येक तास त्याने भरून टाकला होता.

“यात वादळ कोठे आहे?” तिने विचारले.

मुलाला प्रश्न कळला नाही.

“चार दिवसांपैकी एक दिवस तरी डोंगर आपला राखून ठेवतो. त्या दिवशी वारा सुटतो, रज्जुमार्ग बंद होतो, समोरचा माणूस दिसत नाही. तुझ्या बेतात त्याला जागाच नाही. मग तो आला की तू रडशील, नाहीतर हट्टाने बाहेर पडशील.”

मग तिने त्याला हाक्कोदा पर्वताची हकीकत सांगितली. जानेवारी 1902 मध्ये उत्तर होन्शूतील त्या पर्वतात सरावासाठी निघालेली 210 सैनिकांची एक तुकडी हिमवादळात सापडली. ते तरणेबांड लोक होते, आणि जायचे कोठे हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांची वाट चुकली, आणि त्यांपैकी 199 जण मृत्युमुखी पडले. “वाट सोपी असेल असे धरून जो निघतो त्याला बर्फ क्षमा करीत नाही,” आजी म्हणाली. तिने मुलाच्या हातून खोडरबर घेतले आणि तिसऱ्या दिवसाचे सारे तास पुसून टाकले.

कोष्टकाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलेले होते : ‘दुसरा दिवस. दोरीपलीकडे.’ आजीची नजर तेथेही गेली. मुलगा लाजला. जपानमधील उतारांवर सोप्या वाटेला हिरवी, मध्यम वाटेला तांबडी आणि अवघड वाटेला काळी खूण असते. आणि मैदानाची हद्द दोरीने आखलेली असते. दोरीपलीकडच्या झाडीत कोणाच्या पायाचा ठसा नसलेला बर्फ असतो, असे त्याला एका मित्राने सांगितले होते.

“तुझा मित्र खोटे सांगत नाही,” आजी म्हणाली. “तिथला बर्फ सुंदरच असतो. पण जुन्या कठीण थरावर नवा बर्फ साचला की तो केव्हा सुटून खाली धावेल ते सांगता येत नाही. झाडांच्या बुंध्यांभोवती पोकळ्या असतात. वरून त्या दिसत नाहीत. आत गेलेल्या माणसाला स्वतःहून वर येता येत नाही. आणि तुला शोधायला जो जाईल तोही कोणाचा तरी बाप असेल.”

तिचा आवाज चढला नव्हता. परंतु छपरावर चढलेल्या आईकडे खालून पाहत उभी राहिलेली बारा वर्षांची मुलगी त्या आवाजात बोलत होती, हे बारा वर्षांच्या त्या मुलाला उमगले. त्याने खोडरबर उचलले आणि समासातली ओळ स्वतःच पुसली. त्या जागी त्याने लिहिले : ‘पहिला दिवस. पडायला आणि उठायला शिकणे.’ कारण स्कीच्या वर्गात आरंभी हेच शिकवतात. पडावे कसे, उठावे कसे, आणि पट्ट्यांची पुढची टोके जवळ व मागची दूर ठेवून थांबावे कसे. ज्याला थांबता येते त्यालाच घसरण्याचा अधिकार पोहोचतो.

जपानमध्ये आगगाडीची तिकिटे एक महिना आधी, सकाळी दहा वाजता मिळू लागतात. 3 डिसेंबरला सकाळीच वडील तयारीत बसले. टोकिओहून ईयामा स्थानकापर्यंत वेगवान शिनकान्सेन गाडीने सुमारे पावणेदोन तास, आणि तेथून गावापर्यंत बसने अर्ध्या तासाहूनही कमी. सारे पाठ झाले होते. राहिला होता तो एकच प्रश्न, आणि आजीने अजून होय म्हटले नव्हते.

“आई,” वडिलांनी न राहवून विचारले, “तिकिटे चार काढू की पाच?”

आजी फुलदाणीतले पाणी बदलत होती. मागे न वळता ती म्हणाली, “मला खिडकीजवळची जागा हवी. नागानोच्या पुढे बोगद्यातून गाडी बाहेर पडते ना, तेव्हा मला पाहायचे आहे.”

“काय पाहायचे आहे, आजी?” धाकटीने विचारले.

“या वर्षी छपरांवर किती बर्फ आहे ते.”

2 जानेवारीची रात्र आली. पेट्या पुढे गेल्या होत्या. निजण्यापूर्वी हवेचा अंदाज ऐकला, तो असा की, नागानोच्या उत्तर भागात 5 जानेवारीला जोराचा वारा व मोठी हिमवृष्टी होईल. वडिलांनी मुलाकडे पाहिले. पाच वर्षांपूर्वी याच मुलाने दोन दिवस अबोला धरला होता. पण या खेपेस त्याने शांतपणे वही उघडली. तिसऱ्या दिवसाचे पान कोरे होते. त्याच्या मधोमध धाकटीने केव्हातरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते : ‘आजी सांगेल ते.’

बाहेर टोकिओचे आकाश निरभ्र होते आणि चांदणे पडले होते. आईने सकाळी हाताशी लागणाऱ्या वस्तूंच्या पिशवीत हातमोजे भरायला घेतले आणि धाकटीने ते मोठ्याने मोजले. दहा जोड पुरे भरले.